व्यायाम रोज चालू, तरी शेवटचे ३ किलो हलत नाहीत? मी काय काय केलं ते पायरीपायरीने

दर रविवारी सकाळी सहाला आतकरवाडीतून सिंहगड चढायला सुरुवात, सव्वासात-साडेसातला वर, आणि मग पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. आठवड्यातले चार दिवस पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पाऊण तास झपझप चालणं, दोन दिवस सूर्यनमस्कार. एवढं सगळं करून काटा ६३ वर येऊन बसला तो आठ महिने तिथेच. ७१ वरून ६३ पर्यंत वर्षभरात आरामात उतरले होते, ठरवलं होतं ६० चं, आणि हे मधले तीन किलो म्हणजे सरकारी ऑफिसातल्या फाइलसारखे, जागचे हलेनात.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. व्यायाम वाढवला. ४५ मिनिटांचा तास केला, आठवड्यात एक दिवस झुंबा लावला. काही झालं नाही, गुडघा दुखायला लागला तेवढं. मग थोडं वाचलं, घरात थोडं मोजमाप केलं आणि लक्षात आलं की आपण चुकीच्या नळाला पान्हा लावतोय. ते सगळं इथे क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर नाही की डायटिशियन नाही, वय ४२, उंची १५८ सेंमी, दिवसभर खुर्चीवर बसायची नोकरी, घरात चार माणसं. तुमचे आकडे वेगळे असतील, पद्धत तीच.

सुरू करण्याआधी: हे किलो जायलाच हवेत का

हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो पण वगळू नका. आपल्याकडच्या लोकांसाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा) रेषा पाश्चात्त्यांपेक्षा खाली धरतात, २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा. पण त्याहून कामाची गोष्ट म्हणजे कंबर: बायकांची ८० सेंमी आणि पुरुषांची ९० सेंमीच्या आत. यामागचं एक फेमस उदाहरण आपल्या पुण्याचंच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला होता. म्हणजे आपण दिसायला बारीक आणि आतून चरबीवाले असू शकतो, आणि काट्याला ते कळतच नाही.

तर टेप घ्या, बेंबीच्या लेव्हलला, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा (इथे सगळे खोटं बोलतात). कंबर हद्दीत आहे, बीएमआय २१-२२ आहे, रिपोर्ट ठीक आहेत आणि तरी कॉलेजच्या फोटोतलं वजन हवंय, तर खरं सांगू का, सोडून द्या. माझी कंबर ८६ होती, बीएमआय २५.२, म्हणजे मला कारण होतं.

आणि गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, खाण्यावरून पूर्वी कधी मानसिक त्रास झाला असेल, डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर हे स्वतःच्या मनाने करू नका. वजन काही न बदलता अचानक वाढलंय, पाळी लांबलीय, सतत थकवा, केस गळतायत, असं असेल तर आधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बाकी रक्ततपासणी. स्टिरॉइड आणि काही मानसोपचाराच्या गोळ्यांनीही वजन अडतं, त्याबद्दल डॉक्टरांना सरळ विचारा, गोळी मात्र आपली आपण बंद करायची नाही.

पायरी १: गणित एकदाच करा, कागदावर

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तीन किलो म्हणजे २३,१००. रोज २०० कॅलरीची तूट पडली तर ११५ दिवस, म्हणजे जवळजवळ चार महिने. पहिले आठ किलो आरामात गेले म्हणून हेही दीड महिन्यात जातील असं मी धरून चालले होते, तिथेच पहिली गफलत.

आता वेग कमी का होतो? एक तर शरीर लहान झालं. ७१ किलोची बाई चालवायला जेवढं इंधन लागत होतं तेवढं ६३ किलोच्या बाईला लागत नाही. माझ्या उंची-वयाला हिशोब केला तर नुसत्या आकारामुळे रोजची गरज शंभर ते दीडशे कॅलरींनी उतरली होती. शिवाय वजन उतरल्यावर शरीर थोडी काटकसरही करतं, आपण नकळत कमी हलतो, भूक जरा वाढते. म्हणजे ज्या डाएटने मी ७१ वरून उतरले तेच डाएट ६३ ला ‘आहे ते टिकवा’ डाएट झालं होतं. मी काही बिघडवलं नव्हतं आणि मेटाबॉलिझम वगैरे बंदही पडला नव्हता, फक्त तूट संपली होती.

आणि ही तूट आता दीडशे-अडीचशेचीच काढायची आहे, जास्तीची नाही. दीडशे-अडीचशे म्हणजे किती? चार बिस्किटं आणि मूठभर शेंगदाणे. म्हणूनच शेवटचे किलो अवघड, कारण एवढी तूट आपल्या मोजण्यातल्या चुकीतच हरवून जाते.

पायरी २: काटा वाचायला शिका

रोज २०० ची तूट पडली तर आठवड्याला चरबी जाते सुमारे १८० ग्रॅम. आणि रात्री लग्नाचं जेवण जेवलात, लोणचं-पापड झाला, की दुसऱ्या दिवशी काटा सव्वा-दीड किलो वर. ते मीठ आणि पाणी. शरीरात साखरेचा जो साठा असतो, ग्लायकोजेन, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी राहतं, म्हणून भात-मिठाई जरा जास्त झाली की वजन वाढलेलं दिसतं, आणि लो-कार्ब डाएट सुरू केलं की पहिल्या आठवड्यात दोन किलो ‘उतरतं’ तेही हेच पाणी. बायकांना पाळीच्या आधी किलोभर वर दिसणं अगदी कॉमन.

१८० ग्रॅमचा बदल दीड किलोच्या लाटेत कसा दिसणार? तर असं करा:

- सकाळी उठून, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज वजन. आकडा लिहायचा आणि विसरायचा.
- रविवारी सात दिवसांची सरासरी काढायची. बघायची ती फक्त सरासरी.
- बायकांनी या आठवड्याची सरासरी मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी जोडून बघायची, पाळीनंतरचा आठवडा पाळीनंतरच्या आठवड्याशी.
- दोन आठवड्यांतून एकदा कंबर.

रोज वजन बघून डोकं खराब होत असेल तर आठवड्यात तीन दिवस करा. माझ्या मैत्रिणीने काटाच माळ्यावर टाकला आणि एका जुन्या जीन्सवर सगळं ठरवलं, तेही चालतं.

पायरी ३: दोन आठवडे फक्त मोजा, काहीही बदलू नका

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हीच सगळे गाळतात. मी पण गाळली होती, कारण ‘मी किती खाते ते मला माहितीये’. १४०० खाते असं छातीठोकपणे सांगायचे.

१९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी नेमके असेच लोक तपासले होते, जे म्हणायचे आम्ही बाराशेच्या आत खातो तरी वजन हलत नाही. त्यांचा मेटाबॉलिझम नॉर्मल निघाला. खाणं मात्र ते प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. मुद्दाम खोटं नाही, खरंच तसं वाटत होतं त्यांना. हे वाचून मला राग आला होता, मग चारशे-पाचशे रुपयांचा किचनचा वजनकाटा आणला आणि राग गेला.

आपल्या स्वयंपाकात मोजायची पहिली गोष्ट तेल. पोळीची कणीक, तांदूळ, डाळ हे ढोबळ बरोबर येतं, तेल कधीच येत नाही. आमच्या तेलाच्या बरणीत एक लांब दांड्याची छोटी पळी असते, तिला घरात सगळे ‘एक चमचा’ म्हणतात. मुलाच्या खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजली तर ती भरली १२ मिली. म्हणजे मी ॲपमध्ये ४० कॅलरी लिहीत होते तिथे जात होत्या शंभराच्या आसपास, आणि फोडणीला अशा दोन पळ्या, परत पोळ्यांना वेगळं.

पण चमचे मोजत बसायचा कंटाळा येत असेल तर एक सोपी युक्ती सांगते, जी मला सगळ्यात उपयोगी पडली. नवा कॅन फोडला की त्यावर मार्करने तारीख लिहा. आमचा ५ लिटरचा कॅन चार माणसांत २७ दिवसांत संपला. ५ लिटर म्हणजे सुमारे ४,५५० ग्रॅम तेल, भागिले चार, भागिले सत्तावीस, माणशी रोज ४२ ग्रॅम. ग्रॅमला ९ कॅलरी. म्हणजे रोज ३८० कॅलरी नुसतं तेल, आणि तूप, शेंगदाणे, खोबरं यात धरलेलंच नाही! तळण करून ओतून दिलेलं तेल असेल तर तेवढं वजा करा. पण आमच्याकडे ओतून देतंय कोण, उरलेलं दुसऱ्या दिवशी भाजीलाच जातं.

तेलानंतर माझ्या वहीत काय सापडलं ते तसंच देते, तुमच्याकडे यातलं निम्मं तरी असणार:

दाण्याचं कूट. काकडीची कोशिंबीर, वांग्याची भाजी, साबुदाणा, सगळीकडे. दोन भरलेले मोठे चमचे म्हणजे दीडशे कॅलरी सहज. कोशिंबीर खाल्ली म्हणून आपण खूश, आणि आत शेंगदाण्याची चिक्की.

मुलाच्या ताटातलं उरलेलं. अन्न टाकायचं नाही हे बरोबर, पण माझं पोट म्हणजे काय घरातली शेवटची डबी नाही. अर्धी पोळी, दोन घास भात, बटाट्याच्या चार फोडी, असं करत रोजचे शंभर-सव्वाशे.

उपवास. एकादशी अन् दुप्पट खाशी हे उगाच म्हणत नाहीत. माझी एक प्लेट खिचडी मोजली: ८० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, १५ ग्रॅम तूप, साडेपाचशेच्या घरात. वर दही-साखर आणि बटाट्याचा चिवडा. उपवास नसलेल्या दिवशी मी कमी खाते हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

गूळ. चहात साखरेऐवजी गूळ घातला म्हणून वजन उतरत नाही हो. कॅलरी जवळपास तेवढ्याच. तेच मध, तेच ‘शुगर फ्री’ खजुराचे लाडू.

आणि शनिवार-रविवार. ही खरी गोम. सोमवार ते शुक्रवार माझी सरासरी १६०० निघाली, अगदी शहाणी मुलगी. शनिवार-रविवार २२५०. एकूण सरासरी १७८६. आणि माझी रोजची गरज अंदाजे १८००! आठ महिने काटा एका जागी का होता याचं उत्तर वहीच्या एका पानावर होतं. सिंहगड चढून-उतरून माझ्या वजनाला फार तर साडेचारशे-पाचशे कॅलरी जातात. वरच्या दोन भाकऱ्या, पिठलं, अर्धी प्लेट भजी आणि साखर घातलेलं दही मिळून हजाराच्या पुढे. म्हणजे गड चढणं हा माझा व्यायाम नव्हताच, ती नाश्त्याला जायची वाट होती.

पायरी ४: एक किंवा दोनच गोष्टी बदला

वही बघितली की उत्साहात सगळंच बंद करावंसं वाटतं. नको. रोज दीडशे ते अडीचशेची तूट पुरे, आणि ती अशा ठिकाणाहून काढा जिथे तुम्हाला फरक कमीत कमी जाणवेल. बाराशेच्या खाली तर डॉक्टरच्या देखरेखीशिवाय जायचंच नाही, त्याने स्नायू जातात, चिडचिड होते आणि मग एका रात्री फ्रीज रिकामा होतो.

मी दोन गोष्टी निवडल्या. तेल आणि रविवार.

तेलाचं आमच्या घरात सोपं नव्हतं कारण स्वयंपाकघर माझ्या एकटीचं नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं एवढ्याशा तेलात कांदा जळेल.’’ आणि त्यांचं चूकही नव्हतं, पहिल्या दिवशी जळलाच. मग हळूहळू जमलं ते असं: जाड बुडाची कढई, तेल मापाच्या चमच्याने, चार माणसांच्या भाजीला तीन छोटे चमचे. मोहरी तडतडली की कांदा आणि लगेच चिमूट मीठ म्हणजे त्याला पाणी सुटतं, तरी लागायला लागला तर पाण्याचा हबका आणि झाकण. झाकणावर पाणी ठेवायची जुनी पद्धत तर अप्रतिम, पालेभाज्या, फरसबी, कोबी, दुधी यांना काही फरक कळत नाही. भरली वांगी आणि पिठल्यात मात्र मी काटकसर करत नाही, कमी तेलाचं पिठलं म्हणजे वॉलपेपर लावायची खळ. ते कमी वेळा करायचं पण नीट करायचं. पोळ्यांना भाजल्यावर तेल लावणं बंद केलं, त्याची कुरकुर आठवडाभर चालली, मग सगळे विसरले. पुढचा कॅन ३८ दिवस चालला. म्हणजे माणशी ४२ चे ३० ग्रॅम, रोजच्या ११० कॅलरी कमी, आणि सासूबाईंना अजून वाटतं की मी फक्त ‘थोडं’ कमी केलंय.

रविवारी गडावर एक भाकरी, पिठलं, दही बिनसाखरेचं, भजी चौघात एक प्लेट. गड सोडला नाही. आणि शनिवारी रात्री बाहेर जेवायचं असेल तर स्टार्टर किंवा आइस्क्रीम यातलं एकच. दोन्ही मिळून दिवसाला सरासरी सव्वादोनशेच्या आसपास तूट पडायला लागली.

तुमच्या घरी कदाचित तेल ठीक असेल आणि गळती ऑफिसातल्या चहात असेल. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे साखरेच्याच २०० कॅलरी. दारू घेत असाल तर तीही वहीत लिहा, ग्रॅमला ७ कॅलरी आणि सोबतचं चकणं वेगळं. जिथे गळतंय तिथेच बूच मारायचं, शेजारणीने भात सोडला म्हणून आपण सोडायचा नाही.

पायरी ५: प्रोटीन, फार अवघड न करता

खाणं कमी केलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं. ते टाळायचं तर प्रोटीन पाहिजे, शिवाय त्याने भूक लांबते. एनआयएनची (राष्ट्रीय पोषण संस्था) रोजची शिफारस किलोला ०.८३ ग्रॅम आहे, पण वजन उतरवताना आणि व्यायाम करताना १.२ च्या पुढे ठेवलेलं बरं, म्हणजे मला ७५ ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर आधी विचारून.

आमचं नेहमीचं शाकाहारी ताट (तीन पोळ्या, वरण, उसळ, थोडा भात, वाटीभर दही, सकाळी पोहे, दोन-तीन चहा) मोजलं तर जेमतेम ४०-४५ भरलं. ‘आम्ही रोज वरण खातो की’ हे खरं आहे, पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते किती! मग काय वाढवलं: सकाळी दोन अंडी (१२-१३ ग्रॅम), दुपारच्या उसळीची वाटी दीडपट आणि भात निम्मा, संध्याकाळी चिवड्याऐवजी फुटाणे किंवा ५० ग्रॅम पनीर. आठवड्यातून दोनदा सोया चंक्सची भाजी, ही घरात कुणालाच आवडत नाही पण ३० ग्रॅम कोरड्या चंक्समध्ये १५ ग्रॅम प्रोटीन असतं म्हणून सहन करतात. मासे खाणाऱ्यांची तर मजाच आहे, फक्त रव्यात घोळून तेलात सोडलेलं पापलेट आणि तव्यावर चमचाभर तेलातला बांगडा यात फरक आहे एवढं लक्षात ठेवा.

पायरी ६: व्यायाम वाढवू नका, बदला

आधी मनगटावरच्या घड्याळाबद्दल. माझं घड्याळ तळजाईच्या एका फेरीला ३८० कॅलरी दाखवायचं आणि मी तेवढ्या ‘कमावल्या’ म्हणून खायचे. २०१७ मध्ये स्टॅनफर्डने असे सात बँड तपासले, हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले पण कॅलरीत सगळ्यात चांगला बँडसुद्धा सरासरी २७ टक्के चुकत होता. शिवाय त्या आकड्यात नुसतं बसून राहिलं असतं तरी ज्या जाणार होत्या त्या कॅलरी बऱ्याचदा धरलेल्या असतात. चालण्याचा ढोबळ हिशोब असा की दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे अर्धी कॅलरी जास्तीची. मी ६३ ची, चार किलोमीटर, म्हणजे सव्वाशे. ३८० नाही. त्यामुळे व्यायामाच्या कॅलरी परत खायच्या नाहीत, साधा नियम.

मग व्यायाम कशाला? हृदयासाठी, साखरेसाठी, झोपेसाठी, मूडसाठी, आणि उतरलेलं वजन टिकवायला. पण या टप्प्यावर चालण्याचा अजून अर्धा तास वाढवण्यापेक्षा आठवड्यात दोन दिवस वजन उचलणं जास्त कामाचं. आमच्या ग्रुपमधल्या बायका अजूनही म्हणतात डंबेल उचललं की दंड पुरुषांसारखे होतात. अहो, जिममधली पोरं वर्षानुवर्षं मर मर करून होत नाहीत, तुमचे दोन महिन्यांत कसे होतील.

माझे दोन दिवस असे, घरीच, अर्ध्या तासात:

- बैठका: खुर्चीला टेकून उठण्यापासून सुरुवात, मग बिनाखुर्चीच्या, मग छातीशी ५ किलोची तांदळाची पिशवी धरून. १० च्या तीन फेऱ्या.
- दंड: आधी भिंतीला हात लावून, मग ओट्याला, मग पलंगाला. जमिनीवर मला अजून दोनच जमतात.
- वाकून ओढणं: एक हात पलंगावर टेकून दुसऱ्याने पिशवी कमरेपर्यंत ओढायची. पाठीसाठी.
- बादली घेऊन चालणं: दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो. एका हातात घेऊन पॅसेजमधून चार फेऱ्या, मग दुसरा हात. पाणी सांडलं नाही पाहिजे.

शेवटच्या दोन-तीन वेळा जड जात नसतील तर वजन किंवा आकडा वाढवा, नाहीतर तो नुसता कार्यक्रम होतो. आणि सुरुवातीचे दोन-तीन आठवडे काटा जरा वर जाऊ शकतो, स्नायू सुजतात, पाणी धरतात. घाबरून सोडू नका, टेप बघा. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जाते हे मात्र डोक्यातून काढा, चरबी कुठली आधी जाणार ते शरीर ठरवतं, आणि बहुतेक वेळा आपल्याला नको तिथली आधी जाते.

पायरी ७: उरलेले पंधरा तास

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. सकाळी तासभर व्यायाम झाला की दिवसभर मी स्वतःला सूट देत होते. लिफ्ट, भाजी ॲपवरून, आणि रविवारी गडावरून आलं की दुपारभर आडवं. फोनमधली पावलं बघितली तर झुंबाच्या दिवशीची एकूण पावलं बिनझुंब्याच्या दिवसापेक्षा कमी! १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १६ लोकांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जास्त खायला घातल्या होत्या, तर कुणाची चरबी अर्ध्या किलोनेही वाढली नाही आणि कुणाची चार किलोच्या वर गेली. मोठा फरक पडला तो उठणं, बसणं, येरझाऱ्या, चुळबुळ अशा फुटकळ हालचालींचा.

दहा हजाराच्या मागे लागू नका, तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमधल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय. आपली आत्ताची सरासरी बघा आणि त्यात दोन हजार घाला. फोन आला की उभं राहणं, दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटं, भाजी मंडईतून. मला ५,२०० वरून ७,५०० ला यायला महिना लागला.

झोपेचं एवढंच की एका छोट्या अमेरिकन प्रयोगात दहा जणांना तेच डाएट एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपेच्या संधीसह दिलं. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी ५५ टक्के कमी गेली आणि स्नायू जास्त. रात्री बारापर्यंत रील्स बघून सकाळी पाचचा गजर लावणाऱ्यांनी (मी) हे दोनदा वाचावं.

पायरी ८: चार आठवड्यांनी हिशोब

चार आठवडे काहीही नवीन बदलायचं नाही. मग सरासरी बघा.

अर्धा ते एक किलो उतरलंय: तसंच चालू ठेवा, उगाच घाई नको. वजन तेवढंच पण कंबर सेंटीमीटरभर कमी: हेही काम झालंय, चालू ठेवा. दोन्ही जागेवर: आधी परत एक आठवडा प्रामाणिकपणे मोजा, कारण तिसऱ्या आठवड्यात चमचे आपोआप मोठे होतात, माझे झाले होते. मोजणं बरोबर असेल तर अजून शंभर कॅलरी कमी किंवा दोन हजार पावलं जास्त, दोन्ही एकदम नाही. असं दोनदा करूनही काही नाही, तर डॉक्टर.

मध्ये गणपती-दिवाळी आली, लग्न आलं, तर त्या आठवडा-दोन आठवड्यांत उतरवायचा प्रयत्नच करू नका. जेवढं आहे तेवढं टिकवायचं, फराळ ताटलीत घेऊन बसून खायचा, डब्यात हात घालून उभ्या उभ्या नाही. दिवाळीत मी बरोबर शून्य ग्रॅम उतरले आणि तो त्या चार महिन्यांतला मला सर्वात अभिमानाचा आकडा वाटतो.

आणि ज्यावर पैसे घालवू नका: चरबी जाळणारे चहा आणि कॅप्सूल, घाम काढायचे पट्टे (घाम म्हणजे पाणी, ग्लासभर प्यायलात की परत), सात दिवसांचे ज्यूस. वजनाच्या नव्या इंजेक्शनांबद्दल हल्ली सगळे विचारतात, ती लठ्ठपणाच्या आजारासाठी आणि डॉक्टरने द्यायची औषधं आहेत, साडीचा ब्लाउज बसावा म्हणून तीन किलोसाठी नाहीत.

ठरलेला आकडा आल्यावर

माझी साडेचार महिन्यांनंतरची सरासरी ६०.४, कंबर ८०.५. मग तूट बंद केली, एकदम नाही, आठवड्याला साधारण पन्नास-साठ कॅलरी परत वाढवत, महिनाभरात. मी ती वाढ जेवणात घेतली, अजून एक पोळी आणि दुपारी फळ. हापूस आला तेव्हा पोळीच्या जागी आंबा. वही बंद केली, ॲप काढून टाकलं, कारण जन्मभर कोण मोजत बसणार. वजन आता आठवड्यातून दोनदाच बघते आणि सरासरी ६२ च्या वर गेली तर वही दोन आठवडे बाहेर काढायची असं ठरवलंय, आत्तापर्यंत एकदाच काढावी लागली, मे महिन्यात माहेरून आल्यावर. कॅनवर तारीख मात्र अजून लिहिते. आत्ताच्या कॅनवर सासूबाईंनी लिहिलीय.